जिताड्याचं डोकं

खारगोठे गावाला तंटामुक्तीचं बक्षीस सलग तिसऱ्या वर्षी मिळालं, तेव्हा तालुक्यात कोणाला आनंद झाला नाही. संशय मात्र सगळ्यांना आला.

खारेपाटातलं हे गाव भांडणाच्या बाबतीत व्यासंगी होतं. तीनशे बारा उंबरे आणि तालुका कोर्टात चारशेच्या वर दावे. त्यातला एक शेवग्याच्या झाडाचा होता. झाड मेलं होतं, वादी मेला होता, प्रतिवादीही मेला होता. दोघांच्या वकिलांची मुलं तो निष्ठेनं पुढे चालवत होती. लग्नाच्या पंगतीत भांडण होणार हे ठरलेलंच असे, फक्त भात येण्याआधी की नंतर, एवढाच प्रश्न. आणि २०४१च्या पावसाळ्यानंतर हे सगळं ओसरत गेलं. पुरुष बांधावर बसून खाडीकडे बघू लागले. शेजाऱ्यानं शेताची मेर कोरली तरी म्हणू लागले, जाऊ दे. याचं श्रेय सरपंच मोरेश्वर ठाकुरांनी, म्हणजे मोरूशेठनी घेतलं. थोडं श्रेय चार दिवस चाललेल्या ध्यानवर्गालाही मिळालं. त्या वर्गाला मोरूशेठ एकटेच गेले होते आणि झोपले होते.

गावातल्या बायका मात्र पूर्वीसारख्याच तडकत होत्या. पण तंटामुक्ती समितीवर बाई नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

सुगंधा म्हात्रे त्या तडकणाऱ्यांपैकी. वय चौतीस, प्राणिशास्त्राची पदवी, आणि बंदरावरच्या मत्स्य तपासणी केंद्राची एकमेव कर्मचारी. केंद्र म्हणजे एक खोली, एक फ्रीझर आणि एक मशीन. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात होतं, त्यामुळे तिच्या घरात काय चालतं हे दोन्हीकडे ठाऊक होतं. नवरा दामोदर हात उचलायचा. गाव त्याला 'तापट' म्हणायचं, जसं एखाद्या विहिरीला खोल म्हणावं. पण गेली तीन वर्षं तो जेवून भिंतीला टेकून बसायचा आणि काही विचारलं की हो म्हणायचा. सुगंधानं त्याचं कारण शोधलं नव्हतं. दाढ दुखायची थांबली की ती का थांबली म्हणून कोणी तोंडात बोट घालून बघत नाही.

तिचं मशीन मात्र कारणं शोधण्यासाठीच होतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांच्या आधारानं मासा ऐकतो आणि तोल सांभाळतो. मासा जिवंत असेतो खडा रोज एक पातळ थर अंगावर चढवतो, कांद्यासारखा. त्या दिवशी पाण्यात जे धातू विरघळलेले असतील त्यांचा अंश त्या थरात अडकतो आणि मग तिथून हलत नाही. माशाचं मांस बदलतं, रक्त बदलतं, खडा आपलं म्हणणं बदलत नाही. मशीन खडा मधोमध कापायचं, गाभ्यापासून कडेपर्यंत लेसरची रेघ ओढायचं, उडालेली धूळ तोलायचं आणि या माशानं कोणत्या तारखेला काय सोसलं ते सांगायचं.

हे मशीन गावाला भेट दिलं होतं हरितप्राण रिसायकलिंग या कारखान्यानं. विजेच्या गाड्यांच्या म्हाताऱ्या बॅटऱ्या तिथे सोलल्या जात. भेटीची कल्पना तिथल्या पर्यावरण-स्नेह अधिकाऱ्याची, निखिलेश दातारची. कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ असतं असं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं, आणि ते पत्रक स्वतः लिहिलेलं असूनही दातारचा त्यावर विश्वास होता. खाडीत कारखान्याच्या नळाशी सरकारचं एक तरंगतं यंत्र होतं, त्याचा दिवा कायम हिरवा असायचा. सुगंधानं दोन वर्षं खाडीतले मासे तपासले, तेही स्वच्छ निघाले.

मग कारखान्याला दुप्पट व्हायचं झालं. त्यासाठी जनसुनावणी आली, आणि सुनावणीत खाडीतल्या एका जुन्या माशाचा खडा सर्वांसमक्ष वाचून दाखवायचा असा नियम. मोरूशेठनी मासा पाठवला. मासा जिताडा होता, आठ वर्षांचा, अकरा किलोंचा. आणि तो खाडीतला नव्हता, मोरूशेठच्या घरामागच्या तळ्यातला होता.

यात लबाडी काही नव्हती, रीत होती. खारेपाटात खाडीचा मासा विकायला असतो. साहेबासाठी तळ्यात पाळलेला जिताडाच द्यायचा. सातबाऱ्यावर नाव चढवायचं असो की पोराला जामीन हवा असो, काम जिताड्यानं होतं. त्यातही डोकं साहेबाच्या ताटात, जावई आलेला असेल तर जावयाच्या. मधल्या तुकड्या घरच्या पुरुषांना. शेपटीकडचं बायकांना.

नियमात खाडी लिहिलंय, असं सुगंधानं सांगून पाहिलं.

"अगो, सरकारी कामाला आपण हलका मासा देणार?" मोरूशेठ अगदी शांतपणे म्हणाले. त्यांचा हात थरथरत होता आणि बोलता बोलता त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं. "खडा काढ, पण डोकं फोडू नको. उद्या प्रांतसाहेब पाहणीला येतायत, त्यांना अख्खं वाढायचंय."

तिनं कल्ल्यांच्या खालून चिमटा घालून खडे काढले आणि मासा अख्खा परत पाठवला. साहेबांनी डोकं चोखून खाल्लं, असं तिला नंतर कळलं.

खडा अर्ध्यावरून काचेसारखा पारदर्शक झाला होता. चांगला खडा दुधी असतो. काचेचा झाला की माशाला धड ऐकू येत नाही आणि तो पाण्यात तिरका चालतो. गावातल्या तळ्यांमधले जिताडे तिरके पोहतात आणि बगळा समोर उतरला तरी हलत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. बगळे जाड झाले होते. कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मशीननं आलेख काढला. ऑगस्ट २०४१पर्यंत सपाट रेघ. तिथून पुढे दर पंधरा दिवसांनी निकेल आणि लिथियमचा सुळका, प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. साडेतीन वर्षं, एकही चुकलेला नाही. इतका नियमित तर गावात ग्रामसेवकही येत नव्हता.

सुगंधानं आणखी तीन घरांच्या तळ्यांतले जिताडे मागवले आणि या वेळी मेंदूही तपासले. तिथे तिला बाकीचं कळलं. या नव्या जातीच्या बॅटऱ्यांमधलं लिथियम साधं नव्हतं. एका तेलकट रेणूत गुंडाळलेलं होतं. ते पाण्याबरोबर वाहून जायचं नाही, चरबीत मुक्काम करायचं. आणि जिताड्याच्या अंगातली सगळ्यात दाट चरबी डोक्यात असते. लिथियम हे मनाच्या आजारावरचं जुनं औषध आहे. उसळणारं मन ते खाली बसवतं. डॉक्टर ते रक्त तपासत, मापून देतात, कारण माप चुकलं तर हात थरथरतात, तहान भागत नाही, गळा सुजतो आणि मूत्रपिंडं निकामी होत जातात.

साडेतीन वर्षं गावात डोकी कोणी खाल्ली याची यादी तिला करावी लागली नाही. सरपंच. पोलीस पाटील. येणारा प्रत्येक साहेब. आणि गावातले सगळे जावई. तिचे वडील दर रविवारी दामोदरला जेवायला बोलवत आणि त्याच्या ताटात डोकं असे. दामोदर अडतीसचा होता. मागच्या महिन्यात त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, किडन्या साठीच्या माणसाच्या वाटतात, पाणी पीत जा.

आता राहिला एक प्रश्न, हे तळ्यांत आलं कसं. तळ्यांपर्यंत खाडीचं पाणी येऊ शकतं ते एकाच वाटेनं, बांधातल्या उघाडीतून. ओहोटीला उघाडीच्या फळ्या उचलायच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर जातं; भरतीला पाडायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. हे काम पिढ्यान् पिढ्या एकाच घराकडे होतं. हसुराम गावंड. सुगंधाचे वडील.

ती दुपारी ओहोटीच्या वेळी बांधावर गेली. आबा फळ्यांना करंजाचं तेल चोळत बसले होते. अंगात कारखान्याचा हिरवा शर्ट होता, खिशावर 'जलमित्र' असं विणलेला. तिनं आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरून नीट पाहिला आणि परत दिला.

नाकारलं नाही त्यांनी. उधाणाच्या भरतीला कारखान्याची माणसं बांधाबाहेरच्या नाल्यात टाकी सोडत, आबा फळ्या वर घेत, आणि भरती ते पाणी ढकलत आत गावाच्या जमिनीत आणून सोडी. खाडीतलं यंत्र हिरवंच राही. का केलंत, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी आधी गावाचा उद्धार केला. चाळीस वर्षं उघाडी राखली. बांधाला खांड पडली तेव्हा चिखलात उभं राहून छातीनं पाणी अडवलं. पण एका लग्नात, एका बारशाला, कोणी त्यांच्या ताटात डोकं वाढलं नाही. उघाडीवाल्याला शेपटी. कारखान्याच्या सुपरवायझरनं पहिल्याच भेटीत त्यांना 'हसुरामजी' म्हटलं होतं.

"एका 'जी'साठी सगळं गाव नासवलंत?"

"पहिल्यांदा त्याच्यासाठी," आबा म्हणाले. "नंतर तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मी शाळा शिकलो नाय. मी मासे बघतो, माणसं बघतो. मासे तिरके झाले आणि माणसं सरळ झाली. म्हटलं, हे बरंय. तुझ्या नवऱ्याला म्हणून मी दर रविवारी डोकं वाढलं. माझ्या हातानं." त्यांनी तेलाचा बोळा खाली ठेवला. "तीन वर्षांत त्यानं तुझ्यावर हात उचललान? सांग. एकदा तरी उचललान?"

उचलला नव्हता.

"मग जा आणि वाच तुझा कागद."

सुनावणीला चार दिवस होते. खडा खोटा वाचायचीही गरज नव्हती. दातारनं अहवालाचा नमुना पाठवला होता, त्यात 'सरासरी' असा एकच रकाना होता. आठ वर्षांची सरासरी काढली की सुळके बुडून जात आणि आकडा मर्यादेत बसे. तो एक आकडा लिहिला असता तर कारखाना दुप्पट झाला असता, आबा सुटले असते, आणि दामोदर भिंतीला टेकून बसला असता, किडन्या चालतील तोवर. चार दिवस ती त्याच्यासमोर जेवली. एकदा त्याच्या हातातून आमटीची वाटी निसटली. पूर्वी वाटी पडली की ती भिंतीवर आपटलेली असे. या वेळी तो थरथरत्या बोटांनी जमीन पुसत बसला आणि तिला म्हणाला, चुकलं. सात वर्षांच्या संसारात तो शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि तो बॅटरीचा होता.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. प्रांतसाहेब मध्ये बसले होते, शेजारी पाण्याच्या तीन बाटल्या. सुगंधा उभी राहिली आणि सरासरीऐवजी तारखा वाचू लागली. सगळ्या वाचल्या. मग लिथियम कुठे साठतं, ते कोण खातं आणि खाणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "भरतीला उघाडी उघडणारा माणूस हसुराम गावंड. माझे वडील."

सुनावणीला आलेले कंपनीचे साहेब उठू लागले, पण त्यांना उत्तर द्यावं लागलंच नाही. मोरूशेठ म्हणाले, हसुराम आपलाच आहे, जाऊ दे. प्रांतसाहेबांनी तिसरी बाटली उघडली आणि कारकुनाला सांगितलं, नोंद घ्या. सभेत एकच पुरुष संतापला, तो दातार. त्यानं उभं राहून स्वतःच्याच कंपनीला खुनी म्हटलं आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा खिडकीबाहेर फेकला. दातार शाकाहारी होता.

कारखान्याचा विस्तार एकमतानं मंजूर झाला. गावच्या पुरुषांच्या एकमतानं, अर्थात. बायका मागे दारात उभ्या होत्या आणि त्यांचे हात मोजायची पद्धत नव्हती.

बाहेर यमुनाकाकीनं सुगंधाला गाठलं. यमुनाकाकी बाजारात मासे विकायची, तिच्या तोंडाला पोलीस खातंही लागत नसे.

"सगळं इख डोक्यात हाय ना?" तिनं विचारलं.

"जास्तीत जास्त डोक्यात."

"मग डोकी बंद. आमच्या हातात कोयता हाय, नोंद कशाला पायजे?"

त्या दिवसापासून खारगोठ्यात पुरुषांना तळ्यातला मासा मिळायचा बंद झाला. डोकी खड्ड्यात पुरली जाऊ लागली आणि ताटात खाडीच्या माशाच्या शेपट्या आल्या. पूर्वी एवढ्यावरून घरं पेटली असती. आता पुरुषांनी ताटाकडे पाहिलं आणि जेवले. उघाडीवर भरतीच्या वेळी बायका पाळीपाळीनं बसू लागल्या; आबांच्या हातातून फळ्या काढून घेताना त्यांनी जे शब्द वापरले ते आबांनी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते.

सुगंधानं हिशेब केला. दामोदरच्या अंगातून हे उतरायला नऊ आठवडे लागतील. तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं: डोकी थांबली नाहीत तर किडन्या जातील; थांबली तर तुम्ही पहिल्यासारखे व्हाल, साधारण पंधरा मेच्या सुमारास; तेव्हा मी इथे नसेन, केंद्रात राहायला जातेय. तो बरं म्हणाला. तिची पेटी जड होती, तर ती त्यानंच उचलून बंदरापर्यंत नेली आणि खोलीत कुठे ठेवू म्हणून विचारलं.

पोलीस चौकीत तिनं तक्रार द्यायचा प्रयत्न केला. हवालदारानं मारहाणीची तारीख विचारली. ती म्हणाली, येत्या पंधरा तारखेनंतर कधीही. हवालदार चिडला नाही. त्यानं समजावलं की मारल्यावर या.

मे उजाडला तसं गाव जागं होत गेलं. शेवग्याचा दावा, जो मागे घेतला होता, तो पुन्हा दाखल झाला. तंटामुक्तीचा फलक कोणीतरी फोडला आणि तो कोणी फोडला यावरून दोन डोकी फुटली. मोरूशेठनी सुगंधाविरुद्ध गावाची बदनामी केली म्हणून नोटीस धाडली. प्रांतसाहेबांना डोकं खाऊन बरेच दिवस झाले होते. एका सकाळी त्यांनी जुनी नोंद वाचली आणि त्यांना राग आला. सरकारी अधिकाऱ्याला राग येण्याचे परिणाम दूरगामी असतात. अकरा दिवसांत कारखान्याला टाळं लागलं, सुपरवायझरला अटक झाली, आणि त्याच भरात साहेबांनी आपला ड्रायव्हर आणि दोन कारकून निलंबित केले. आबांवरही गुन्हा दाखल झाला. जामिनावर सुटून ते आले, पण लेकीशी बोलले नाहीत. एकदा फक्त केंद्रात आले, दाराला आतून एक लोखंडी कडी बसवली, चार स्क्रू आवळले, ओढून पाहिली आणि पाणीही न पिता गेले.

दामोदर एकोणीस तारखेला आला, दुपारी तीनच्या सुमारास. सुगंधानं त्याला खिडकीतून येताना पाहिलं आणि कडी घातली. चालण्यावरून कळत होतं.

"दार उघड."

"तिथूनच बोला."

त्यानं दार एकदा ढकलून पाहिलं. मग दाराला तोंड लावून म्हणाला, "आत फ्रीझरमध्ये तीन डोकी आहेत. मला माहीत आहे. त्यातलं एक दे."

"ती कोर्टाच्या पुराव्याची आहेत."

"अर्धं दे. मेंदू नुसता." त्याचा आवाज फाटत होता. "काल मी आईच्या अंगावर धावून गेलो. मला माझी भीती वाटते सुगंधा." आणि तेवढ्याच श्वासात, त्याच आवाजात, "नाही दिलंस तर मी काय करीन ते तुला ठाऊक आहे."

यातलं दुसरं वाक्य तिनं अनेकदा ऐकलं होतं. पहिलं कधीच नाही. ती फ्रीझरकडे बघत उभी राहिली. एक डोकं त्याच्या हातावर ठेवलं असतं तर तो तिथेच कच्चं चोखून शांत झाला असता आणि पेटी पुन्हा उचलून घरी नेली असती.

"तालुक्याला मनाचे डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला औषध लागेल की नाही, कुठलं लागेल, ते रक्त तपासून ठरवतील. किडन्याही बघतील. पण तिथे गेल्यावर आपल्या तोंडानं सांगावं लागतं. मी बायकोला मारतो, असं."



"जिताड्याला असलं काही सांगावं लागत नव्हतं," दामोदर म्हणाला.

"नव्हतं."

त्यानं दाराला लाथ घातली. मग दुसरी, मग भान नसल्यासारखा घालतच राहिला. कडी जागची हलली नाही. सुगंधा फ्रीझरला पाठ लावून उभी होती. चार वाजताची एसटी तालुक्याला जाते, असं तिनं मोठ्यानं सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, कारण पहिल्यांदा लाथांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं.